परळच्या वॉर्डात उडिया आणि यारकंदी

कटकात मराठी बोलणारी आम्ही मोजकीच घरं. वाटेत भेटेल त्याच्याशी उडियात बोलायचं आणि आपल्या माणसाचा उंबरा ओलांडला की मराठी सुरू करायचं, ही आपल्या सगळ्यांचीच सवय. मुंबईहून परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, राणीचा बाग पाहिला का, समुद्र कसा आहे. समुद्र मी दोनदाच पाहिला, तोही लांबून. माझे ते दिवस एका इस्पितळाच्या खाटेजवळ गेले, आणि तिथे जे घडलं ते अजून झोपेत ऐकल्यासारखं कानात आहे. ते विरून जाण्याआधी लिहून ठेवते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील मालवणकडचे. रेल्वेच्या पुलाच्या कामावर फिटर म्हणून कटकला आले, उडिया मुलीशी लग्न केलं आणि परत गेलेच नाहीत. ती मुलगी म्हणजे माझी आई. तिला मी उडिया मुलांसारखी ‘बोउ’ म्हणते. मराठी मला वडिलांनी पाटीवर शिकवली. ते वारल्यावर बोउच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा लालबागच्या काकांचं पत्र आलं, ‘वहिनींना इकडे घेऊन ये. परळला डोळ्यांचे चांगले डॉक्टर आहेत.’ उन्हाळ्यात डोळ्यांना हात लावू नये असं सगळे म्हणाले, पण माझ्या शाळेला सुट्टी मे महिन्यातच. आम्ही निघालो.

लालबाग

काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक गॅलरीच्या टोकाला. काकीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बोउचा हात धरला. तीस वर्षांत या दोघी जावा पहिल्यांदा भेटत होत्या.

“इलंस गो बाय,” काकी मला म्हणाली. “आवशीक आत घे. बाहेर ऊन काय रणरणता हा.”

बोउला मराठी समजतं, पण बोलताना ती बिचकते. मालवणी तर तिने नवऱ्याच्या तोंडूनच ऐकलेली, तीही तो रागावला की. काकी बोलायला लागली तशी बोउ हसायलाच लागली. मला कानात म्हणाली, “ही काय इतकी चिडली आहे?”

जेवायला उकड्या तांदळाची पेज होती, सोबत कैरीचं लोणचं आणि भाजलेला सुका बांगडा. बोउने पहिला घोट घेतला आणि ताट मांडीवर धरून बसूनच राहिली. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून पखाळ करतात ना, अगदी ती चव नव्हे, पण तिची लांबची बहीण म्हणावी अशी. इतक्या लांब येऊन पाण्यातला भात मिळेल असं तिला वाटलंच नव्हतं.

चाळीच्या भिंतीवर, जिन्यात, पाण्याच्या टाकीवरसुद्धा चुन्याने लिहिलेलं होतं, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’. काकांचा मुलगा वसंता गिरणीत दोऱ्या सांधायचा आणि पाळी सुटली की सभांना जायचा. त्याने मला पहिल्याच संध्याकाळी विचारलं, “सुभद्राताई, तुमच्याकडे उडियावाल्यांना त्यांचा प्रांत कधीचाच मिळाला ना? कसं वाटलं गं तेव्हा?”

“मी शाळेत होते. आम्हाला पेढे वाटले.”

“बस? पेढे?”

“आणि बोउ रडली. का ते मला तेव्हा कळलं नाही.”

वसंता बोउकडे वळला. तिला काही विचारावं असं त्याच्या मनात होतं, पण भाषा कुठली वापरावी ते त्याला सुचेना.

परळ

बोउचं ऑपरेशन नीट झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, असे दहा दिवस काढायचे होते. वॉर्ड उंच छताचा होता. वर पंखे इतके सावकाश फिरायचे की त्यांच्या सावल्या चादरींवरून वल्ही मारत गेल्यासारख्या वाटायच्या. दुपारी गिरण्यांचे भोंगे एकामागून एक वाजत आणि त्यानंतर सगळं शांत होई.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. गोरी, मोठ्या हाडाची, कपाळ शिवलेलं, तिच्याही दोन्ही डोळ्यांवर पट्टी. वॉर्डच्या मंजुळा सिस्टर म्हणाल्या, “ही आमची पठाणीण. गिरगावात मोर्चावर लाठी चालली त्या दिवशी गर्दीत पडली. चळवळीच्या पोरांनीच आणून सोडली. नाव नाही, गाव नाही. पलीकडच्या बँकेचा पठाण पहारेकरी आणून बघितला, तो म्हणाला ही आपली बोली नव्हे.”

म्हातारी सारखी बोलत असे. हळू, न थांबता, जणू कुणाला वाट सांगते आहे. आणि बोउ तिला उत्तर द्यायची, उडियात. मला पहिल्यांदा वाटलं बोउला ताप चढला.

“बोउ, तुला तिचं कळतं?”

“नाही.”

“मग बोलतेस काय?”

“ती बोलते आहे. गप्प कसं राहायचं?”

त्या दोघींना मान वळवता येत नव्हती. छताकडे तोंड करून, पट्टीच्या अंधारात, दोघी आळीपाळीने बोलत राहायच्या. मी मध्ये स्टुलावर बसून दोन्ही भाषा ऐकायची. उडिया शब्द तोंड मिटतच नाही. घर म्हणजे ‘घरअ’, फळ म्हणजे ‘फळअ’, शेवटचा स्वर दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा. म्हातारीचे शब्द याच्या उलट, कडी लावून बंद होणारे. मी पेल्यात बोट बुडवून तिच्या तळहातावर टेकवलं. ती म्हणाली, “सु.” बोउ म्हणाली, “पाणि.” त्या ‘णि’मध्ये आपलं मराठी पाणी जसंच्या तसं होतं. ‘सु’ मात्र कुठल्या डोंगरावरून आलं होतं कोण जाणे.

मी वहीत दोन रकाने पाडले. पावाचा तुकडा दिला तर ती ‘नान’ म्हणाली. काकीने डब्यात दिलेला कांदा हुंगून म्हणाली, “पियाझ.” बोउ लगेच म्हणाली, “पिआज.” दोघीही एकदम थांबल्या. मग दोघी हसल्या. आपल्या मराठीत कांदा, आणि त्या दोघींच्या मध्ये हा एकच शब्द, कुठल्या तरी जुन्या बाजारातून दोन वाटांनी फुटून दोन टोकांना गेलेला.

पण एक शब्द ती सगळ्यांत जास्त वेळा उच्चारायची. “बालाम.” तो उच्चारताना तिचा हात हवेत काहीतरी शोधायचा. मला ते ‘बाळ’सारखं ऐकू यायचं, आणि मी स्वतःलाच बजावायची की कानाचा भास आहे.

वसंताला मी म्हातारीबद्दल सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. “आमच्याच मोर्चात पडली ती?” एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला तो दादरच्या एका इराणी हॉटेलच्या मालकाला घेऊन आला. म्हातारा इराणी पावांची पिशवी घेऊन आला होता. खाटेजवळ वाकून त्याने फारसीत काही विचारलं, मग मान हलवली. मग हळूच म्हणाला, “बिर, इकी, उच...”

म्हातारीने त्याचा हात घट्ट पकडला आणि पुढचे आकडे भरभर म्हणून टाकले.

“ये फारसी नाय, बाई,” इराणी मला म्हणाला. “ये तुर्की हाय. मेरेकु थोडाच आता. गिनती, पानी, रोटी.” मग त्याने म्हातारीला विचारलं, “वतन?”

“यारकंद,” ती म्हणाली. हा शब्द तिने इतक्या हळू उच्चारला की पंख्याच्या आवाजात जवळजवळ बुडाला.

यारकंद हिमालयाच्याही पलीकडे. मी शाळेत भूगोल शिकवते, पण ते नाव मी नकाशाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. तिथल्या भाषेला उइघुर म्हणतात हेही मला मागाहून कळलं.

इराण्याने आणखी थोडी तोडकीमोडकी विचारपूस केली. मग आम्हाला म्हणाला, “बच्चा हाय उसका. नाम तुर्सुनखान. बोलती हाय, ‘उ केलिदु’. वो आयेगा.” जाता जाता म्हणाला, “यारकंदके लोग हजको जाते. मुसाफिरखानेमे पूछो.”

मी बोउला उडियात सांगितलं, “तिचं पिला येणार आहे.” पिला म्हणजे मूल. बोउ शेजारच्या खाटेकडे हात पसरून म्हणाली, “से आसिब. से आसिब.” आणि मंजुळा सिस्टरना मी मराठीत सांगितलं, “तिचा मुलगा आहे, तुर्सुनखान नावाचा. तो येईल म्हणते.” सिस्टरांनी नोंदवहीत लिहून घेतलं.

वसंता त्याच दिवशी मुसाफिरखान्यात गेला. तिथल्या कारकुनाने पुरुषांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तुर्सुनखान नावाचा कुणी नव्हता. तो बंदरावर गेला, सुक्या मेव्याच्या वखारींत गेला, पाळी बुडवून चार दिवस भटकला. पठाण भेटला की विचारायचा. तुर्सुनखान कुणाला माहीत नव्हता.

पाचव्या दिवशी मंजुळा सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “बाई, वरून सांगणं आलंय. जखम भरत आली. कुणी आलं नाही तर रविवारनंतर तिला निराधार बायकांच्या संस्थेत पाठवणार. ती मुंबईबाहेर आहे. मग तिचा मुलगा आला तरी तिला शोधणार कुठे?”

“थांबवता नाही येणार?”

“मी साधी नर्स. मी दोन दिवस ओढून बघते.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “आमची आजी गावाहून आली होती तेव्हा तिलाही इथे नाव विचारलं की ती जात सांगायची. नाव विचारतात हेच तिला माहीत नव्हतं. गेल्या साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा पहिल्यांदा तिने आपलं नाव मोठ्याने सांगितलं. हिचं तरी नाव काय आहे, बघा ना विचारून.”

मला लाज वाटली. मी इतके शब्द लिहून घेतले होते, आणि तिचं नाव विचारायचं राहिलं होतं. मी तिचा हात माझ्या छातीवर ठेवून म्हटलं, “सुभद्रा.” मग तिच्या छातीवर ठेवला. ती म्हणाली, “आयशम.”

पुन्हा परळ, शुक्रवार

त्या दुपारी ऊन फार होतं. खिडक्यांना ओले पडदे लावले होते आणि सगळा वॉर्ड हिरवट पाण्याखाली गेल्यासारखा दिसत होता. मी स्टुलावर पेंगत होते. बोउ उडियात म्हणाली, “केस किती लांब असतील गं त्या पोरीचे.”

“कुठल्या पोरीचे?”

“हिच्या.”

“बोउ, मुलगी आहे असं तुला कुणी सांगितलं?”

“मुलगा आहे असं तरी कुणी सांगितलं?” बोउ म्हणाली. “तू म्हणालीस पिला. रोज दुपारी ही माझी वेणी सोडते आणि बारीक बारीक वेण्या घालते. दहा, बारा, मोजून. आणि बालाम, बालाम म्हणत राहते. मुलाच्या डोक्यावर वेण्या कोण घालतं?”

मी खाली पाहिलं. बोउची वेणी दोन खाटांच्या मधल्या फटीत लोंबत होती आणि तिचे एकसारखे पातळ पेड पडले होते. मला वाटत होतं सिस्टर विंचरतात.

मी वही उघडली. ‘से’ म्हणजे तो, ‘से’ म्हणजे ती. उडियात दोघांना एकच शब्द, आसिब म्हटलं की तो येईल आणि ती येईल. यारकंदीतला ‘उ’ही तसाच असला पाहिजे. इराण्याची फारसीही तशीच, म्हणून त्याला विचारायचं सुचलं नाही. त्या दोन्ही भाषांनी कुणाचंच काही ठरवलं नव्हतं. मराठीत वाक्य करताना मला तो किंवा ती म्हणावंच लागलं, आणि मी न विचारता ‘तो’ म्हणून मोकळी झाले. नावात खान आहे, एवढ्यावर; तिकडे बायकांच्या नावांनाही खान जोडतात हे मला कुठे माहीत होतं. चार दिवस वसंता माझ्या एका अक्षरामागे हिंडला होता.

मी तशीच उठून दादरला गेले. इराणी गल्ल्यावर होता. “तुर्कीत मुलीला काय म्हणतात?”

“किझ,” तो म्हणाला. मग त्याने कपाळाला हात लावला.

परत येऊन मी म्हातारीच्या कानाशी म्हटलं, “तुर्सुनखान. किझ?”

“हेए,” ती म्हणाली. “किझिम. किझिम.” आणि माझे केस चाचपू लागली.

ठाकूरद्वार

शनिवारी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानं बंद. वसंता मोर्चाला गेला होता, म्हणून मी एकटीच सकाळी लालबागहून चालत निघाले. रिकाम्या रस्त्यांवरून चालताना मुंबई कुणीतरी नुकतीच धुऊन वाळत घातल्यासारखी वाटत होती. मुसाफिरखान्याच्या बायकांच्या बाजूला रत्नागिरीकडची एक मुसलमान बाई देखरेखीला होती. मी नाव घेताच ती म्हणाली, “तुर्सुनखान? ती यारकंदची पोरगी? आई हरवली म्हणून अन्न गोड लागत नाही तिला. जहाज सुटलं, ही गेली नाही. जवळची इस्पितळं पालथी घातली तिने.”

“आत्ता कुठे आहे?”

“जिथे हात सुटला तिथे. ठाकूरद्वारच्या नाक्यावर. उजाडलं की जाते.”

ठाकूरद्वारला एका वाडीच्या तोंडाशी, बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. वीस-बावीसची, उंच, डोक्याला रुमाल, आणि रुमालाखालून पाठीवर उतरलेल्या कितीतरी बारीक वेण्या. वाडीतली एक आजीबाई तिला पितळेच्या पेल्यात चहा देत होती. मला म्हणाली, “रोज येते हो. बोलत नाही फारसं. तुमची कोण?”

मी म्हटलं, “तुर्सुनखान.”

तिने पेला खाली ठेवला. “अपा?” ती म्हणाली.

आपल्याकडच्या सवयीने मी मागे वळून पाहिलं, कुणी आप्पा उभे आहेत की काय. मग समजलं, त्यांच्याकडे आईला अपा म्हणतात.

“अपा अस्पताल में,” मी म्हटलं. “अच्छी है.”

तिला हिंदुस्थानी थोडं येत होतं. आईबाप यारकंद सोडून बर्फातून आले, बाप श्रीनगरात वारला, आई घराबाहेर न पडल्याने दुसरी बोली शिकलीच नाही, हे तिने मला चालता चालता सांगितलं. ती इतकी झपझप चालत होती की मला मधूनच पळावं लागे. लालबागजवळ मोर्चा आडवा आला. गिरण्यांची माणसं, बायका, झेंडे, रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. ती जागच्या जागी थिजली. असल्याच गर्दीत तिचा हात सुटला होता. तिने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दोन दिवस वळ राहिला.

“ये लोग क्या माँगते?”

“अपनी ज़बान का मुल्क.”

“ज़बान के लिए इतना लोग?” ती म्हणाली.

वसंताने आम्हाला पाहिलं. त्या उंच मुलीकडे, तिच्या वेण्यांकडे त्याने पाहिलं, आणि न सांगता त्याला सगळं कळलं. तो ओरडला नाही. त्याने शेजाऱ्याचा हात धरला, त्याने पुढच्याचा. साखळी करून त्यांनी मोर्चातून एक वाट उघडली. घोषणा क्षणभर थांबल्या. आम्ही दोघी मधून चालत पलीकडे गेलो.

वॉर्डात शिरताच तिने हाक मारली. म्हातारी उठून बसली. रडणं वगैरे काही झालं नाही. तिने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, रुमाल काढला आणि एकेक वेणी बोटांनी चाचपत गेली. शेवटची हाताला लागल्यावर तिने मोठा श्वास सोडला. मंजुळा सिस्टरांनी नोंदवही आणून ‘मुलगा’ हा शब्द खोडला, वर ‘मुलगी’ लिहिलं आणि रकान्यात ‘आयशम, राहणार यारकंद’ असं वळणदार अक्षरात भरलं.

बोउ छताकडे तोंड करून विचारत होती, “आली का? आली का?” उडियात ते ‘आला का’ही होतं. मी म्हटलं, “आली, बोउ.” हे मात्र मी मराठीत म्हटलं.

शेवटचे दिवस

मुसाफिरखान्याच्या व्यवस्थापकाने हंगामातल्या शेवटच्या जहाजावर मायलेकींना जागा मिळवून दिली. तोपर्यंत तुर्सुनखान रोज वॉर्डात यायची. तिने माझ्या वहीतल्या चुका दुरुस्त केल्या. ‘बालाम’ म्हणजे माझं मूल, आणि मुलं म्हणजे ‘बालिलार’. मी म्हटलं, आमच्यात ‘पिलामाने’. तिने ते चारपाचदा म्हणून पाहिलं आणि म्हणाली की तुमचे शब्द झोपाळ्यावर बसवलेले आहेत. वसंता एकदा आला, दाराशीच उभा राहिला, म्हातारीच्या पायाशी आंब्यांची करंडी ठेवून गेला.

बोउची पट्टी सोमवारी निघाली. आयशमची मंगळवारी सकाळी निघायची होती, म्हणून बोउ पहाटेपासून खाटेवर बसून वाट पाहत होती. डॉक्टरांनी पट्टीचे फेरे सोडले, कापूस काढला. आयशमने डोळे किलकिले करून आधी मुलीकडे पाहिलं, मग शेजारी.

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. एक काळीसावळी, कपाळाला मोठं कुंकू, लहान चणीची. दुसरी गोरी, रुंद गालांची, राखी डोळ्यांची. इतके दिवस दोघी अखंड बोलत आल्या होत्या, आणि आता एकीच्याही तोंडून शब्द फुटेना. बोउने पदर सारखा केला. आयशमने रुमाल पुढे ओढला. परक्या घरी पहिल्यांदा गेलेल्या बायकांसारख्या दोघी लाजून बसल्या.

मला वाईट वाटलं. आता काही बोलणं व्हायचं नाही, असं वाटून मी सामान बांधायला वळले.

तेवढ्यात बोउ पुन्हा उशीवर आडवी झाली. तिने डोळे मिटले, दोन खाटांच्या मधून हात पुढे केला आणि उडियात बोलायला सुरुवात केली. मी वळून पाहिलं तेव्हा आयशमनेही डोळे मिटून घेतले होते, आणि बोउचं संपण्याची वाट पाहत होती.